सरासरीचा भ्रम

दर वर्षी मोसमी पावसाचा अंदाज जाहीर होतो आणि पाऊस सरासरीइतका होणार असे कळताच सरकारपासून बाजारपेठेपर्यंत सारे निश्चिंत होतात. जून ते सप्टेंबर या काळातील देशाची ही सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर आहे. परंतु ज्या देशात मेघालयातील मौसिनरामला वर्षाकाठी ११ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि जैसलमेरला जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, तेथे एका आकड्यावर विसंबून नियोजन करणे ही आत्मवंचना होय.

त्यासाठी मेघालयापर्यंत जाण्याचेही कारण नाही. एकट्या कोल्हापूर जिल्ह्यात हे वैविध्य सामावले आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावरच रिते होतात. म्हणून गगनबावड्याला सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. कोल्हापूर शहरात तो हजाराच्या घरात येतो आणि पूर्वेकडे शिरोळला पाचशेच्या आसपास उरतो. शंभरेक किलोमीटरच्या अंतरात दहापट तफावत!

या तफावतीचा खरा अर्थ शिरोली औद्योगिक वसाहतीला विचारावा. ही वसाहत हातकणंगले तालुक्यात, तुलनेने कमी पावसाच्या पट्ट्यात आहे. मात्र घाटमाथ्यावरचे पाणी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांच्या वाटेने पंचगंगेत उतरते. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला. मालमोटारींच्या रांगा लागल्या, कामगार नदीपलीकडे अडकले. ज्या भट्ट्यांतून देशभरातील वाहन कारखान्यांसाठी ओतकाम होते, त्यांचे चाक दूरच्या डोंगरावरील पावसाने थांबवले.

राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच भोगावतीवर राधानगरी धरणाचा संकल्प सोडला, तो पावसाचा हा असमतोल ओळखूनच. पश्चिमेचे उदंड पाणी अडवून ते खालच्या शिवारांना पुरवण्याची ती दृष्टी होती. आज आपण पूररेषेत बांधकामे करतो, नदीच्या पात्राशेजारी रस्त्याचे उंच भराव घालतो आणि पाणी तुंबले की निसर्गाला दोष देतो.

पाऊस तालुक्याची सीमा पाहत नाही आणि नदी सरासरीचे गणित मानत नाही. म्हणून नियोजनाचे एकक जिल्हा वा राज्य नसून नदीचे खोरे असले पाहिजे. गगनबावड्यातील पर्जन्यमापकाची नोंद शिरोलीतील कारखानदाराला वेळेवर मिळाली पाहिजे, धरणांतील विसर्ग त्या नोंदीशी जोडला गेला पाहिजे आणि महामार्गाच्या भरावातून पाण्याला पुरेशी वाट ठेवली पाहिजे. हे काम केवळ शासनाचे नाही. नदीकाठच्या प्रत्येक गावाने, उद्योजकाने आणि नागरिकाने आपल्या वाट्याची जबाबदारी उचलायला हवी. पुढचा पूर येण्यापूर्वी एवढे शहाणपण आपल्याला सुचावे.