हात थरथरला पाहिजे

शेक्सपिअरच्या मॅकबेथला टोळीयुद्धात उतरवण्याची कल्पना जुनी आहे. ब्रिटनमध्ये १९५५ साली 'जो मॅकबेथ' आला, अमेरिकेत १९९० साली 'मेन ऑफ रिस्पेक्ट'. विशाल भारद्वाज यांनी २००३ च्या 'मकबूल'मध्ये तीच कथा मुंबईत आणली. आगरकरांनी 'विकारविलसित'मध्ये हॅम्लेट आणि देवलांनी 'झुंझारराव'मध्ये ऑथेल्लो मराठी पोशाखात उभा केला, तो एकोणिसाव्या शतकातच. त्यामुळे अशा स्थलांतराचं मराठी प्रेक्षकाला वावडं नाही. शिवाय टोळीयुद्ध निवडण्यामागे पक्का तर्क आहे. लोकशाहीत मुख्यमंत्र्याचा खून करून कोणी मुख्यमंत्री होत नाही. टोळीत मात्र म्होरक्याला संपवणारा त्याच्या गादीवर बसू शकतो.

पण याच सोयीत मोठा धोका आहे. मॅकबेथ डंकनला मारण्याआधी कचरतो, कारण डंकन त्याचा राजा आहे, नातलग आहे आणि त्या रात्री त्याच्याच घरी उतरलेला पाहुणा आहे. खून हाच जिथे रोजचा धंदा, तिथल्या माणसाने आणखी एका खुनापूर्वी का थांबावं? याचं उत्तर न शोधता केलेल्या रूपांतरात प्रेतं तेवढी उरतात, शोकांतिका उरत नाही.

'मकबूल'ने हे उत्तर शोधलं. पंकज कपूर यांचा जहांगीर खान हा टोळीचा 'अब्बाजी' आहे आणि मकबूल त्याच्या मुलासारखा. अब्बाजीवर गोळी झाडणं म्हणजे बापावर हात उचलणं. इरफान खान यांच्या चेहऱ्यावरची घालमेल म्हणूनच पटते. तब्बूची निम्मी मकबूलची बायको नाही, अब्बाजीची रखेल आहे. या एका बदलाने सत्तेची हाव आणि शरीराची ओढ वेगळी काढता येत नाही, आणि पुढे तिच्या पोटातलं मूल कोणाचं हा प्रश्न दोघांनाही पोखरत राहतो. भिंतीवरचे न दिसणारे डाग पुसणारी निम्मी पाहिली की लेडी मॅकबेथ कोणी उसनी आणली आहे असं वाटतच नाही.

मॅकबेथचं भविष्य सांगणाऱ्या चेटकिणींच्या जागी ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह यांचे दोन पोलीस अधिकारी आहेत. मला हा बदल सर्वांत धाडसी वाटतो. भविष्य सांगणारेच ते घडवून आणतात, आणि कुठल्याच टोळीचं पारडं फार जड होऊ नये याची काळजी घेतात. मूळ नाटकातली दैवाची जागा इथे वर्दीने घेतली आहे. ज्या शहराने पोलीस आणि टोळ्यांचं साटंलोटं पाहिलं, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. शेक्सपिअरच्या नाटकाच्या अखेरीस हक्काचा वारस गादीवर येतो. इथे हक्काचा कोणी नाहीच. मकबूल मरतो आणि धंदा चालू राहतो.

असा चित्रपट करू पाहणाऱ्यांनी पिस्तुलं, गाड्या आणि शिव्या गोळा करण्याआधी आपल्या नायकाला एवढंच विचारावं: कोणाला मारताना तुझा हात थरथरेल? तो माणूस पटकथेत सापडत नसेल, तर शेक्सपिअरचं नाव घेऊ नये.