चष्मेवाल्यांचं हेल्मेट

हेल्मेट का घालत नाही, असं विचारलं की आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात जी उत्तरं मिळतात, त्यातली बरीचशी सोडून देण्यासारखी असतात. केस गळतात, मान दुखते, गावातल्या गावात कशाला. एक उत्तर मात्र खरं आहे आणि त्याकडे कोणी नीट लक्ष दिलेलं नाही: ‘मला चष्मा आहे.’ दुकानात ज्याला फुल फेस म्हणतात ते हेल्मेट चष्मेवाल्याने घालायचं म्हणजे आधी चष्मा काढायचा, खिशात किंवा पेट्रोलच्या टाकीवर ठेवायचा, डोकं आत घालायचं, आणि मग चष्म्याच्या काड्या गालाच्या गादीमधून कानावर अंदाजाने सरकवायच्या. उतरताना हेच सगळं उलट. जो माणूस सकाळी नेवाशाहून निघून गावोगाव थांबत वसुली करतो, औषधांची ऑर्डर घेतो, त्याला हे दिवसातून वीस वेळा करावं लागतं. तो ते करत नाही. तो हाफ हेल्मेट घेतो, किंवा हेल्मेट आरशाला अडकवून फिरतो, नाहीतर चष्माच काढून ठेवतो.

यातला शेवटचा मार्ग सगळ्यात वाईट. उणे दोन हा काही फार मोठा नंबर नाही, कॉलेजातल्या कितीतरी मुलांना तो असतो. पण उणे दोन नंबरच्या डोळ्याला चष्म्याशिवाय अर्ध्या मीटरपलीकडचं काहीही स्वच्छ दिसत नाही. ताशी ६० किलोमीटरने जाणारी मोटरसायकल एका सेकंदात साडेसोळा मीटरहून थोडी जास्तच पुढे जाते. कारखाने सुरू झाले की संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या पट्ट्यात रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. काहींना मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टीही नसते, आणि ट्रॉलीच्या बाहेर आलेलं वाढं अंधारात अंधारासारखंच दिसतं. तिथे चष्मा खिशात ठेवून जाणं म्हणजे डोळे मिटून जाणं. शिवाय चष्मा ही फक्त तरुणांची गोष्ट नाही. लायसन्ससाठी चाळिशीनंतर फॉर्म १-अ वर डॉक्टरांचा दाखला लागतो, त्यात नजर तपासलेली असते. म्हणजे चष्म्यासह गाडी चालवायला आपल्याला परवानगी मिळालेली असते, चष्मा काढून नाही.

या अडचणीवर फ्लिप हेल्मेट हे बहुतेक चष्मेवाल्यांसाठी योग्य उत्तर आहे, असं माझं ठाम मत आहे. याचा हनुवटीसकट पुढचा सगळा भाग एका बटणाने कपाळावर उचलता येतो. पुढचा भाग वर करून हेल्मेट घालायचं, चष्मा समोरून दोन्ही हातांनी सरळ लावायचा, मग भाग खाली ओढून बंद करायचा. काही हेल्मेटांत तर चष्मा डोळ्यावर असतानाच डोकं आत जातं. कल्पना जुनी आहे: बीएमडब्ल्यूने १९८१ मध्ये असं हेल्मेट बाजारात आणलं. आता ते परदेशी चैनीचं राहिलेलं नाही. मराठी माणसाला जवळच्या बेळगावात व्हेगा कंपनी हेल्मेट बनवते आणि तिचं क्रक्स हे फ्लिप हेल्मेट आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळतं; इतर देशी कंपन्यांचीही आहेत.

‘मग हाफ हेल्मेट काय वाईट? चष्म्याला त्रास नाही, कायद्यालाही चालतं.’ हा प्रश्न नेहमी येतो, आणि त्याचं उत्तर हनुवटीत आहे. जर्मनीत हॅनोव्हरच्या डिटमार ऑट्टे यांनी अपघातग्रस्तांच्या हेल्मेटांवर मार कुठे बसला याचा नकाशा काढला होता. त्यातला साधारण एकतृतीयांश मार हनुवटीच्या आणि जबड्याच्या भागावर होता. हाफ हेल्मेटमध्ये नेमका हाच भाग उघडा राहतो. त्यातही चष्मेवाल्याचा धोका दुप्पट: तोंडावर पडल्यावर चष्म्याची फ्रेम आणि काच डोळ्यापाशीच असतात. डोकं फुटण्याइतकंच डोळा जाणं हेही अपघाताचं फळ आहे, ते आकडेवारीत दिसत नाही इतकंच. मृत्यूचा आकडा मात्र दिसतो: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दुचाकीवर मेले. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते.

चष्मेवाले आणखी एक चूक करतात आणि ती सहजासहजी लक्षात येत नाही. फुल फेसमध्ये काड्या कानशिलावर दाबतात, वीस मिनिटांत डोकं ठणकायला लागतं, म्हणून ते एक माप मोठं हेल्मेट घेतात. काड्या सैल बसतात, बरं वाटतं. पण सैल हेल्मेट पहिल्या धडकेत डोक्यावर फिरतं आणि दुसऱ्या धडकेपर्यंत डोक्यावर राहीलच असं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येही हेल्मेट नुसतं घालायला नव्हे, पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधायला सांगितलं आहे. म्हणून माप डोक्याचं घ्यायचं आणि जागा चष्म्याला हवी तर ती कानशिलापाशी गादीत खाच असलेल्या हेल्मेटमध्ये शोधायची. त्याच्या जोडीला सरळ आणि पातळ काड्यांची फ्रेम घेतली तर निम्मा त्रास तिथेच संपतो. कानामागे वळलेल्या जाड काड्या हेल्मेटमध्ये कधीच नीट जात नाहीत. प्रोग्रेसिव्ह काचा असतील तर अधिकच जपायला हवं. गादीने चष्मा नाकावर दोन-तीन मिलिमीटर वर ढकलला तरी लांबचं पाहायचा भाग डोळ्यासमोरून सरकतो आणि रस्ता धूसर होतो.

फ्लिपवर घेतला जाणारा सगळ्यात वजनदार आक्षेप लॉकचा आहे, आणि तो मला मान्य आहे. जो भाग उघडतो तो धडकेतही उघडू शकतो. ब्रिटनमध्ये २००७ पासून शार्प नावाची सरकारी योजना हेल्मेट तपासते. फ्लिप हेल्मेट असेल तर किती टक्के चाचण्यांत पुढचा भाग बंदच राहिला हेही ती जाहीर करते. काहींचा आकडा शंभर आहे, काहींचा बराच कमी. म्हणजे फ्लिप वाईट असं नाही, फ्लिपमध्ये चांगलं-वाईट असतं. युरोपीय मानकाच्या लेबलवर पी आणि जे ही दोन अक्षरं दिसली तर ते हेल्मेट बंद आणि उघडं अशा दोन्ही अवस्थांत तपासलेलं असतं. नुसतं पी असेल तर ते बंद ठेवूनच वापरायचं. आपल्याकडे १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही. तो शिक्का हवाच, त्याचा लायसन्स क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर पडताळूनही घ्यावा, पण लॉक किती वेळा टिकलं हे शिक्का सांगत नाही. ते हातानेच पाहायला हवं: दोन्ही बाजूंचा खटका एकदम वाजतो का, बंद केल्यावर हनुवटी धरून ओढली तर एक बाजू सुटते का, आतली खिटी धातूची आहे की प्लास्टिकची. प्लास्टिकची असेल तर मी म्हणेन, दुसरं पाहा.

वजनाचा आक्षेपही खरा आहे, पण छोटा. फ्लिप फुल फेसपेक्षा थोडं जड असतं. मानेला पहिले आठ दिवस कळतं, मग कळत नाही. उन्हाळ्याचं तसं नाही. एप्रिल-मे महिन्यांत पाथर्डी-जामखेडकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पुढचा भाग कपाळावर उचलून गाडी पळवण्याचा मोह प्रत्येकाला होणार, आणि इथे मी सवलत देणार नाही. उचललेला भाग वाऱ्यात शिडासारखा मान मागे ओढतो, आणि हनुवटी उघडी ती उघडीच. तो भाग थांबल्यावर उघडण्यासाठी आहे: पंपावर, टपरीवर, नाक्यावर. चालत्या गाडीवर हवा काचेच्या फटीतून आणि हनुवटीच्या झडपेतून घ्यायची. दवाचंही तसंच. थंडीत पहाटे पाच वाजता डेअरीला दूध घालायला निघालेल्याच्या चष्म्यावर त्याचाच श्वास जमतो, आणि फ्लिपने तो जमायचा थांबत नाही. नाकाखालचा रबरी पडदा असलेलं हेल्मेट घेतलं आणि हेल्मेटची काच एक खाच वर ठेवली तर बराच फरक पडतो. काचेच्या आत लावायची दव-रोधक पट्टी हेल्मेटची काच स्वच्छ ठेवते, चष्मा नाही.

किमतीचं म्हणाल तर प्रोग्रेसिव्ह काचांच्या चष्म्याला आपण कुरकुर न करता जेवढे पैसे देतो, त्याहून कमी पैशांत देशी फ्लिप येतं. अहिल्यानगर शहराजवळ वाहननगरला संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही संस्था आहे. तिथल्या वाहन-तपासणीचा दाखला देशभर चालतो. त्याच जिल्ह्यात हेल्मेट मात्र रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेल्या ढिगातून, रंग पाहून, एका मिनिटात घेतलं जातं. त्यासाठी पंधरा मिनिटं काढा. रोजचाच चष्मा लावून दुकानात जा, हेल्मेट बंद करून तितका वेळ बसा, मान डावी-उजवीकडे वळवा, मागे वळून पाहा. कानशिल दुखलं किंवा समोरच्या पाटीवरची अक्षरं हलली तर ते ठेवून दुसरं मागा. आणि या कामाला मुलाला पाठवू नका. त्याच्या डोक्याला बसलेलं हेल्मेट तुमच्या चष्म्याला बसेलच असं नाही.