खोटी बातमी आणि खरा प्रश्न

लोकशाहीत नेता कोण निवडून आला, याइतकेच तो कसा निवडून आला याला महत्त्व असते. व्यक्ती येतात आणि जातात. पद्धत मागे उरते. म्हणूनच निवडणुकीच्या पद्धतीविषयी शंका घेण्याचा नागरिकाला अधिकार आहे आणि ती शंका पारखून मांडणे हे वृत्तपत्रांचे कर्तव्य आहे. २०२४ पासून महाराष्ट्रात अशा शंकांचे पीक उदंड आले. पारखण्याचे काम मात्र फारसे कोणी केले नाही. परिणामी ज्या शंकांना खरोखर आधार होता, त्याही खोट्या शंकांच्या गर्दीत हरवल्या. वसई-विरारसारख्या शहराच्या संदर्भात हे विशेषत्वाने जाणवते.

४ जून २०२४ रोजी लोकसभेची मतमोजणी झाली आणि मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात रवींद्र वायकर हे अमोल कीर्तिकर यांच्यावर अवघ्या ४८ मतांनी विजयी झाले. इतक्या निसटत्या निकालाविषयी कुजबुज होणे स्वाभाविक होते. परंतु थोड्याच दिवसांत ‘मिड-डे’ या मुंबईच्या इंग्रजी दैनिकाने अशी बातमी दिली की, मतमोजणी केंद्रात वायकरांच्या नातलगाच्या हाती असलेल्या मोबाइलवर ओटीपी येत होता आणि त्या ओटीपीने मतदान यंत्र उघडता येत होते. बघता बघता बातमी देशभर पसरली. मोठमोठ्या नेत्यांनी तिचा आधार घेतला. मग निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितले की, यंत्र उघडण्यासाठी ओटीपी लागतच नाही आणि यंत्राला बाहेरची कोणतीही जोडणी नसते. तो मोबाइल आकडेवारी संगणकात भरणाऱ्या कर्मचाऱ्याचा होता. अखेर दैनिकाला दुरुस्ती छापून दिलगिरी व्यक्त करावी लागली.

या प्रकरणातील खरी गंमत पुढेच आहे. यंत्रांवरील मतांत कीर्तिकरांना ४,५१,०९५ आणि वायकरांना ४,५१,०९४ मते होती, म्हणजे यंत्राच्या मोजणीत पराभूत उमेदवारच एका मताने पुढे होता. निकाल फिरला तो टपाली मतपत्रिकांनी: वायकर १,५५०, कीर्तिकर १,५०१. ज्या निकालाचे खापर यंत्रावर फोडले गेले, तो कागदाच्या मतांनी ठरला होता! हे आकडे निवडणूक आयोगाने जाहीर केलेल्या तक्त्यात होते. आणि मोबाइल मतमोजणी केंद्रात नेता येत नसताना तो तेथे कसा वापरला गेला, हा जो खरोखरीचा प्रश्न होता, तो ओटीपीच्या गदारोळात मागे पडला.

सर्वांत खेदाची गोष्ट अशी की, सत्य जाणून घेण्यासाठी कोणा तज्ज्ञाच्या पायऱ्या झिजवण्याचे कारण नव्हते. राज्यातील हजारो शिक्षक आणि कारकून प्रत्येक निवडणुकीत मतदान केंद्रावर काम करतात. सकाळी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान घ्यायचे, ती मते पुसून यंत्र मोहोरबंद करायचे, मतदान संपताच ‘क्लोज’चे बटण दाबायचे आणि एकूण मतांचा आकडा १७ सी नमुन्यात लिहून त्याची प्रत प्रतिनिधींच्या हाती द्यायची, हा क्रम त्यांना पाठ असतो. त्यांपैकी कोणाही एकाला विचारले असते, तरी ओटीपीची कथा छापखान्यापर्यंत पोहोचली नसती. परंतु जाणकार हाताशी असताना त्याला न विचारणे ही आपल्या वृत्तव्यवसायाची जुनी खोड आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरातील विधानसभा निवडणुकीनंतर हेच पुन्हा घडले. धुळे ग्रामीण मतदारसंघातील अवधान गावात काँग्रेसचे उमेदवार कुणाल पाटील यांना शून्य मते पडल्याचे वृत्त वाऱ्यासारखे पसरले. प्रत्यक्षात तेथील चार केंद्रांवर त्यांना २२७, २३४, २५२ आणि ३४४, अशी एकूण १,०५७ मते होती. पाठोपाठ एका इंग्रजी वृत्तसंकेतस्थळाने हिशेब मांडला की, झालेल्या मतदानापेक्षा मोजलेली मते पाच लाखांनी अधिक भरतात. मतदानाचा ६,४०,८८,१९५ हा आकडा केवळ यंत्रांवरील मतांचा होता. त्यात ५,३८,२२५ टपाली मते धरलेलीच नव्हती, असा खुलासा आयोगाने केला. एका बाजूला टपाली मते वगळायची, दुसऱ्या बाजूला ती धरायची आणि फरकाला घोटाळा म्हणायचे, ही चूक शाळकरी मुलाच्या वहीत सापडली तर गुरुजी लाल शाईने खूण करतात. येथे ती राष्ट्रीय चर्चेचा विषय झाली.

हा रोग नवा नाही. २२ मार्च १९७९ रोजी मुंबईच्या जसलोक रुग्णालयात जयप्रकाश नारायण उपचार घेत असताना त्यांचे निधन झाल्याची घोषणा लोकसभेत झाली आणि आकाशवाणीने ती देशाला ऐकवली. जयप्रकाश हयात होते. त्यांचे निधन झाले ते ८ ऑक्टोबर १९७९ रोजी. ज्या नेत्याने १९७४ साली न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांच्या अध्यक्षतेखाली निवडणूक सुधारणांसाठी समिती नेमली होती, त्यालाच जिवंतपणी श्रद्धांजली मिळावी, हा दैवदुर्विलास म्हटला पाहिजे. त्यात कोणाचे कारस्थान नव्हते. सांगणाऱ्याचे पद एवढे मोठे होते की, रुग्णालयाच्या दारात जाऊन चौकशी करण्याची गरज कोणाला भासली नाही. १९७९ साली पदाच्या मोठेपणाने जे केले, ते आज संदेशाच्या वेगाने होते, इतकाच फरक.

असे का होते? याचे उत्तर पत्रकारांच्या बुद्धीत नसून व्यवसायाच्या अर्थकारणात आहे. बातमी हा नाशवंत माल आहे. पहाटेच्या गाडीने दादरला गेलेल्या वसईच्या भाजीला जो भाव सकाळी मिळतो, तो दुपारी मिळत नाही. तसेच बातमीचे असते. पडताळणीला वेळ लागतो आणि त्या वेळेचा भुर्दंड एकट्या वृत्तपत्राला बसतो. चूक झाली तर तिचे नुकसान मात्र साऱ्या समाजात वाटले जाते. कारखान्याने सांडपाणी नदीत सोडावे आणि शुद्धीकरणाचा खर्च खालच्या गावांनी सोसावा, तशातलाच हा प्रकार आहे. अफवेच्या प्रदूषणाची परिसीमा कोठवर जाते, हे पालघर जिल्ह्याला सांगण्याची आवश्यकता नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री गडचिंचले येथे चोर आल्याच्या अफवेने उसळलेल्या जमावाने तीन निरपराध माणसांचा बळी घेतला.

निवडणुकीविषयीच्या खोट्या बातमीने असा तात्काळ रक्तपात होत नाही, म्हणून ती निरुपद्रवी समजणे चूक ठरेल. ग्रेशॅमच्या सिद्धांतानुसार खोटे आणि खरे नाणे एकाच दर्शनी किमतीला चालू लागले की लोक खरे नाणे पेटीत ठेवतात आणि बाजारात खोटेच फिरत राहते. बातम्यांच्या बाजारात नेमके हेच घडते. विचारी माणूस गप्प बसतो आणि बोलघेवड्यांचे फावते. शिवाय प्रत्येक खोटी बातमी उघडी पडली की सत्तेला एक आयती ढाल मिळते. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतल्या पोराने गंमत केली, पण मेंढ्या गेल्या त्या गावाच्या. ओटीपीची बातमी खोटी ठरली, तेव्हा नुकसान केवळ एका दैनिकाचे झाले नाही. उद्या खरा पुरावा घेऊन उभा राहणाऱ्या नागरिकाचेही झाले.

असे खरे प्रश्न आहेत काय? अवश्य आहेत आणि ते वसई-विरारच्या उंबरठ्यावरच आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये नालासोपारा मतदारसंघाच्या यादीत एकाच महिलेचे नाव सहा वेळा असल्याचे उजेडात आले; प्रशासनाने चौकशी करून दुबार नोंदी वगळल्या. येथे ना गुप्त यंत्रणा होती, ना परदेशी तंत्रज्ञ. कोणीतरी यादी बारकाईने वाचली होती, इतकेच. ज्या परिसरात घरे रोज बदलतात, भाडेकरू दर अकरा महिन्यांनी स्थलांतर करतात आणि नव्या चाळी वर्षभरात उभ्या राहतात, तेथे यादीची शुद्धता हाच निवडणुकीचा पाया असतो. परंतु यादी वाचण्याचे काम कंटाळवाणे आहे. यंत्राच्या रहस्यकथेला वाचक मिळतो, यादीच्या रकान्यांना मिळत नाही.

दुसरा प्रश्न तर याहून गंभीर आहे. चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. २०१० आणि २०१५ साली तिच्या निवडणुका झाल्या. जून २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आला. पुढील निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. आधी महामारी, मग आरक्षणाचा वाद, मग प्रभागरचना, अशी कारणे एकापाठोपाठ एक येत गेली. अखेर सर्वोच्च न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली. २०११ च्या जनगणनेत बारा लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या या शहरात साडेपाच वर्षे ११५ पैकी एकही नगरसेवक नव्हता. या काळात नालासोपाऱ्यातील ४१ अनधिकृत इमारती पाडून हजारो कुटुंबे रस्त्यावर आली. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट ही इमारत कोसळून १७ माणसे दगावली. निवडून आलेले सभागृह असते तर हे टळले असते, असे म्हणता येणार नाही. अनधिकृत बांधकामे सभागृह असतानाही फोफावली होती. परंतु जाब विचारण्याची जागाच रिकामी होती, हे नाकारता येत नाही. मत चोरीला गेले की नाही, यावर देश वाद घालत असताना या शहरात मत देण्याची संधीच अडवून ठेवलेली होती. त्यावर किती अग्रलेख आले?

निवडण्याच्या पद्धतीचे तेच. नगराध्यक्ष २०१६ साली थेट जनतेतून निवडायचे ठरले, २०२० साली ते रद्द झाले, २०२२ साली पुन्हा थेट. म्हणून डिसेंबर २०२५ मध्ये जव्हार-डहाणूच्या मतदाराने नगराध्यक्ष स्वतः निवडला; वसई-विरारचा महापौर मात्र नगरसेवक निवडतात. प्रभागात एक नगरसेवक असावा की चार, हेही सरकारागणिक बदलले. दोन्ही पद्धतींच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. थेट निवडीत घोडेबाजार टळतो. उलट सभागृहात बहुमत एका पक्षाचे आणि अध्यक्ष दुसऱ्याचा, असा पेचही पडतो. ही चर्चा तपशिलाने व्हायला हवी होती. ती झाली नाही, कारण ती सनसनाटी नव्हती.

याचा अर्थ असा नव्हे की, वृत्तपत्रांनी सरकारी खुलासे जसेच्या तसे छापावेत. अफवा डोळे मिटून छापणे आणि खुलासा डोळे मिटून छापणे, ही एकाच भोळेपणाची दोन रूपे आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक नियमांतील ९३ वा नियम बदलून केंद्रांवरील चित्रीकरणासारखी सामग्री नागरिकाला मिळण्यावर मर्यादा घालण्यात आली. ज्याला अफवा थांबवायची आहे, त्याने दस्तऐवज अधिक मोकळे करायला हवेत. येथे उलट झाले. कपाटाला कुलूप लावायचे आणि लोक तर्क करतात म्हणून त्यांना दोष द्यायचा, हे न्यायाला धरून नाही. अवधानची अफवा कशाने विझली? केंद्रनिहाय आकड्यांनी, धमकीने नव्हे.

तेव्हा उपाय कठीण नाही, कष्टाचा आहे. बातमीदाराने निवडणुकीचे कोणतेही वृत्त छापण्यापूर्वी एका मतदान केंद्राध्यक्षाला विचारावे, १७ सीचा आकडा निकालाच्या तक्त्याशी ताडून पाहावा आणि दुरुस्ती त्याच पानावर, त्याच आकाराच्या टाइपात छापावी. शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांचे कामही येथेच सुरू होते. त्यांना बेरीज येते, कार्यपद्धती ठाऊक असते आणि मतदार यादी सर्वांना पाहता येते. खोटी बातमी पुढे पाठवायला एक क्षण लागतो. आपल्या प्रभागाची यादी वाचायला एक रविवार. लोकशाहीचे भवितव्य त्या क्षणापेक्षा त्या रविवारावर अधिक अवलंबून आहे.