सीओईपीच का?

कॅपचे ऑप्शन फॉर्म सुरू झाले की नांदेड-लातूरकडून फोन यायला लागतात. "दादा, सीओईपीला मेटलर्जी घेऊ की नांदेडलाच एसजीजीएसला कॉम्प्युटर?" मी उलट विचारतो, सीओईपीच का? उत्तर ठरलेलं. कटऑफ वर आहे, नाव आहे. म्हणजे बाकीच्यांना हवंय म्हणून मलाही हवंय!

पोरांचा दोष नाही. लातूर पॅटर्नमध्ये दोन वर्षं नुसती टेस्ट सिरीज. फॉर्ममध्येही कॉलेजचे कोड भरायचे, 'का' हा रकानाच नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत यावर निबंध लिहावा लागतो. (आपल्याकडे आणला तर महिनाभरात त्याचाही क्लास निघेल, ते सोडा.)

तरी माझं मत, उत्तर स्वतःपुरतं लिहून काढा. कारण एक नंबरचा पर्याय लागला की सीट पक्की, पुढच्या फेऱ्या बंद. सीओईपीच्या पोरांनी बनवलेला 'स्वयम्' उपग्रह इस्रोने २०१६ साली सोडला, वजन जेमतेम किलोभर. "मला असल्या टीममध्ये घुसायचंय" हे झालं कारण. मग मेटलर्जीही चालेल. पण कोडिंगच करायचं असेल तर एसजीजीएस काय वाईट आहे? १९८१ पासूनचं सरकारी अनुदानाचं कॉलेज, वर घरचा डबा.

आणि "पुण्यात राहून बघायचंय" हेही मला चालतं. फक्त रूमचं भाडं मागताना बाबांना तेच सांगा, प्लेसमेंटचे आकडे नको.