आपाची सही

गेल्या महिन्यात आपाकडे गेलो होतो. तिची मुलगी महापालिकेच्या उर्दू शाळेत पाचवीला आहे. बोलता बोलता आपा म्हणाली, "मी शाळेच्या कमिटीवर आहे ना." मी विचारलं, "तिथं काय करतेस?" ती म्हणाली, "रजिस्टर घरी येतं, मी सही करते."

कशावर? ते तिला माहीत नव्हतं.

ती सही असते शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावांवर, आणि त्यांत खर्चाचे ठरावही असतात. केंद्र सरकार २०१८ पासून 'समग्र शिक्षा' योजनेतून राज्यांना शालेय शिक्षणासाठी पैसा देतं. महाराष्ट्रात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. त्यातलं संयुक्त शाळा अनुदान शाळेच्या रोजच्या गरजांसाठी असतं: बंद पडलेली उपकरणं, पाणी, वीज, स्वच्छतागृहं. योजनेच्या निकषांप्रमाणे वर्षाला १०१ ते २५० पटाच्या शाळेला ५० हजार, २५१ ते १,००० पटाच्या शाळेला ७५ हजार रुपये.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. सूत्र दिसलं की त्यात काय मोजलंय आणि काय सुटलंय, ते आधी पाहतो. इथे डोकी मोजली आहेत, गरिबी सुटली आहे. दोनशे मुलांच्या दोन शाळा घ्या. एकीत पंखा बिघडला तर पालक वर्गणी काढतात. दुसरीत पालक हातगाडी लावणारे, घरकाम करणारे. तिथे पंखा बिघडला की वर्षभर तसाच. अनुदान मात्र दोघींना सारखंच.

अमेरिकेनं १९६५ च्या शिक्षण कायद्यात 'टायटल वन' नावाची तरतूद केली. त्यात केंद्राचा पैसा वाटताना गरीब घरांतल्या मुलांची संख्या मोजली जाते. धर्म विचारला जात नाही, वंशही नाही. आपल्यासाठी यात मोठा धडा आहे. गरिबी मोजली, तर मोहल्ल्यातली मुलं आपोआप मोजली जातात, शेजारच्या दलित वस्तीतलीही. मग लांगूलचालनाचा आरोप करायला कुणाला जागाच उरत नाही. म्हणून संयुक्त शाळा अनुदानात पटाबरोबर गरिबीलाही वजन द्या, ही मागणी आपण सगळ्यांना सोबत घेऊन करायला हवी.

पण तिथला दुसरा धडाही विसरू नका. अवघ्या चार वर्षांत, १९६९ मध्ये, नागरी हक्क संघटनांच्या अहवालानं दाखवून दिलं की हा पैसा अनेक ठिकाणी गरीब मुलांऐवजी भलतीकडेच खर्च होतोय. सूत्र बरोबर असलं, तरी पाहणारं कुणी नसेल तर पैसा वाट सोडतो. आज तिथे ५ लाख डॉलरहून जास्त निधी मिळणाऱ्या शिक्षण जिल्ह्याला किमान १ टक्का रक्कम पालकांच्या सहभागासाठी राखून ठेवावी लागते.

आपल्याकडे पाहणारे कायद्यानंच नेमले आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१: समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, आणि अनुदानाच्या वापरावर देखरेख हे त्यांचं काम. कलम २२: शाळा विकास आराखडा समितीनं तयार करायचा. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळा सरकारी आहेत. त्यांना हे सगळं लागू आहे.

हा मुख्याध्यापकांवरचा संशय नव्हे. आणि आपा प्रश्न विचारत नाही यात तिचाही दोष नाही. बैठकीला गेलं तर दिवसाची मजुरी बुडते, आणि प्रश्न विचारला तर मुलीवर राग निघेल अशी भीती असते. ही भीती खरी आहे. म्हणूनच शिकलेल्या भावानं, भाचीनं, शेजाऱ्यानं तिच्यासोबत बसायला हवं. सहीआधी तीनच प्रश्न: या वर्षी किती आले? कशावर गेले? आपल्या गरजा आराखड्यात आहेत का?

या महिन्यात आपा बैठकीला गेली. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, ही गोष्ट आराखड्यात नव्हतीच. आता आहे. कडी अजून बसलेली नाही. पण पुढच्या बैठकीची तारीख आपानं कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

तुमच्या मोहल्ल्यातल्या शाळेची बैठक कधी आहे?