गणितात गुण कमी. मग सायन्स घ्यायचं की नाही?

दहावीचा निकाल लागला की मुरुडहून लातूरला जाणाऱ्या एसटीत दोन-चार दिवस एकच विषय असतो. (गुगलवर नुसतं ‘मुरुड’ टाकलं तर समुद्र दिसतो, आपलं मुरुड बार्शी रस्त्यावरचं.) “गणितात पंचावन्नच पडले. जाऊ द्या, बायोलॉजी घेईल, नीट देईल.” गणित जमलं नाही म्हणून डॉक्टर, असा हा हिशेब.

हा हिशेब अर्धाच बरोबर आहे. अकरावी सायन्सला गणित ऐच्छिक आहे. नीटला गणिताचा पेपर नाही. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करता येतं. पण गणित हा विषय सोडला तरी गणित सुटत नाही. नीटच्या ७२० गुणांपैकी १८० भौतिकशास्त्राचे आणि १८० रसायनशास्त्राचे आहेत. तिथली गणितं सोडवायला आकडेमोड लागतेच. क्लासची फी भरून झाल्यावर ही गोष्ट लक्षात येते, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

गुण गेले कुठे?

दहावीच्या गणिताचे ८० गुण लेखी, ४० बीजगणिताचे आणि ४० भूमितीचे. उरलेले २० अंतर्गत, आणि ते बहुतेक शाळांत सढळ हातानं मिळतात. त्यामुळे ५५ हा आकडा फार काही सांगत नाही. एकाचे गुण प्रमेयाच्या सिद्धतेत गेलेले असतात, दुसऱ्याचे अपूर्णांक, चिन्हं आणि समीकरणांत. पहिल्यानं घाबरू नये; सायन्सला सिद्धता क्वचितच लिहावी लागते. दुसऱ्यानं मात्र अकरावीच्या आधीच दुरुस्ती करावी.

आपण कुठल्या गटात, हे अंदाजानं ठरवू नका. निकालानंतर ठरावीक मुदतीत मंडळाकडे ऑनलाइन अर्ज करून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. लोक ती गुण वाढवण्यासाठी मागवतात. मला वाटतं, चूक शोधायला मागवावी. काहींना तर गणित येत असतं, इंग्रजीतला प्रश्नच कळलेला नसतो. मराठी माध्यमातून सायन्सला जाणाऱ्यांनी हे आधीच ओळखावं, कारण अकरावीची पुस्तकं इंग्रजीत आहेत.

न दिसणारं गणित

अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलं दुसरंच प्रकरण गणितीय पद्धतींचं आहे. सदिश, विकलन, संकलन, सगळं त्यात येतं. गणित सोडलेल्या मुलालाही ते चुकत नाही.

त्याहून अडवणूक करतो तो लॉग टेबल. बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतो. ०.००२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच काढायचा तर २ चा लॉग ०.३०१० घ्यायचा, तो ३ मधून वजा करायचा. उत्तर सुमारे २.७. काम दोन ओळींचं. पण घातांक कच्चे असतील तर पोरगं सूत्र लिहितं आणि तिथेच थांबतं.

पुढे बी.एस्सी.ला मेंडेलचं ९:३:३:१ गुणोत्तर काय-स्क्वेअर लावून तपासावं लागतं. आयसरची प्रवेश परीक्षा द्यायची असेल, तर साठपैकी १५ प्रश्न गणिताचे असतात, बारावीला जीवशास्त्र घेतलं असलं तरी.

मुंग्यांचे जगप्रसिद्ध अभ्यासक ई. ओ. विल्सन यांनी स्वतःच लिहिलंय, की कॅल्क्युलस ते बत्तिसाव्या वर्षी, हार्वर्डमध्ये प्राध्यापक असताना, आपल्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या मुलांसोबत बसून शिकले. गणितात मागे असलेल्या माणसाला विज्ञानाचं दार बंद नसतं. पण शिकायचं त्यांनाही टळलं नाही.

फेऱ्यांच्या काळात काय कराल?

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. फेऱ्या चालतात तोवर मुलं घरीच असतात. त्या काळात आठवीच्या पुस्तकातले घातांक, नववीतलं गुणोत्तर-प्रमाण आणि त्रिकोणमिती पुन्हा करा. पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. व्हिडिओ बघून गणित समजल्यासारखं वाटतं. वहीत सोडवल्याशिवाय ते येत नाही. रोज दहा गणितं, उत्तर न बघता.

बीजगणित बरं असेल तर अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावेत, असं माझं मत. अभ्यास वाढतो, हे खरं. पण गणित सोडलं की इंजिनिअरिंगची पीसीएम गटाची सीईटी गेली, आणि नीटमध्ये हवे तेवढे गुण पडले नाहीत तर हातात वाटा कमी उरतात. अपूर्णांकांतच गोंधळ होत असेल, तर गणित सोडण्यात कमीपणा नाही. फक्त वरची तीन प्रकरणं सोडू नयेत.

कनिष्ठ महाविद्यालयांकडेही एक मागणं आहे. बायोलॉजीच्या वर्गाला पहिले पंधरा दिवस गणिताच्या सरांचा रोज एक तास द्या. त्यात लॉग टेबल, घातांक आणि आलेख शिकवा, तेही आधी मराठीतून.