आरोग्य परामर्श : सांधे मोकळे झाले, पण कोलेस्ट्रॉल वाढलं

प्रश्न : मी ५४ वर्षांची गृहिणी असून इंदूरला राहते. सहा वर्षांपासून मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे आमवात आहे. मेथोट्रेक्सेटने पुरेसा आराम पडेना, म्हणून दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी टोफासिटिनिब ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केलं. आता सकाळी बोटं आखडत नाहीत, कणीकही मळता येते. पण परवाच्या तपासणीत एकूण कोलेस्ट्रॉल १८६ वरून २१९, एलडीएल १०८ वरून १३१ आणि एचडीएल ४६ वरून ५३ झालं. मला ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. आईला साठीच्या आत हार्ट अटॅक आला होता. नणंद म्हणते, सांध्यांसाठी हृदय कशाला पणाला लावायचं? चार दिवसांपासून मी गोळी बंद केली आहे. डॉक्टरांना सांगायला भीती वाटते. काय करू?

उत्तर : आधी डॉक्टरांना फोन करा आणि चार दिवस गोळी घेतली नाही हे सरळ सांगा. ते रागावले तरी चालेल. औषध मध्येच सोडलं की सूज परत उसळू शकते आणि ही सूज फक्त बोटांत राहत नाही, रक्तवाहिन्यांनाही त्रास देते. आमवात असलेल्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दीडपट असतो, तो याच कारणाने.

आता आकड्यांबद्दल. आमवात जोरात असताना रक्तातलं कोलेस्ट्रॉल खाली जातं. म्हणजे तुमचं १८६ हे काही अंशी आजाराने दाबलेलं होतं. सूज उतरली की ते वर येतं. टोफासिटिनिबमध्ये ही वाढ बहुतेक पहिल्या काही आठवड्यांतच होते आणि मग स्थिरावते, म्हणूनच औषध सुरू केल्यावर ४ ते ८ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करायला सांगतात. तुमचं एचडीएलही वाढलं आहे. एकूण कोलेस्ट्रॉलला एचडीएलने भागलं तर आधी ४.० यायचं, आता ४.१ येतं. फारसा फरक नाही.

तरीही नणंदेची शंका अगदीच वावगी नाही, फक्त तिचं कारण वेगळं आहे. पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेल्या रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात, टीएनएफ रोखणाऱ्या इंजेक्शनांच्या तुलनेत टोफासिटिनिबवर हार्ट अटॅक, पक्षाघात आणि कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं. त्यानंतर २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने त्यावर कडक इशारा छापायला लावला. तुमचं वय, ब्लडप्रेशर आणि आईचा इतिहास बघता तुम्ही याच गटात मोडता. तेव्हा डॉक्टरांना विचारायचा खरा प्रश्न हा, की माझ्यासाठी हेच औषध योग्य आहे की इंजेक्शनांचा विचार करायचा? इंजेक्शनं महाग पडतात, म्हणून खर्चाचंही तिथेच बोलून घ्या. आईच्या आजाराबद्दल त्यांना सांगितलं होतं का, हेही आठवून पाहा. बरेच जण सांगतच नाहीत.

हे औषध चालू ठेवायचं ठरलं तर डॉक्टर बहुधा स्टॅटिन सुचवतील. त्याने हे वाढलेलं एलडीएल चांगलं खाली येतं. स्टॅटिन घेताना मांड्या किंवा दंड दुखू लागले तर आमवातच आहे असं धरून बसू नका, कळवा. थायरॉइडचीही तपासणी करून घ्या. ते मंदावलं तरी कोलेस्ट्रॉल वाढतं.

दुखण्यासाठी मनानेच डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या घेत असाल तर त्या सांगा, कारण त्यांनी ब्लडप्रेशर आणि हृदयाचा धोका दोन्ही वाढतात. स्टेरॉइड चालू असेल तर तेही सांगा. घरात कुणी तंबाखू किंवा मिश्री लावत असेल आणि त्यात तुम्हीही असाल, तर ती मात्र आजच सोडा. तूप पूर्ण बंद करण्यापेक्षा फरसाण, शेव आणि तळण कमी करा. इंदुरात हे अवघड आहे, कल्पना आहे.

छातीत दुखणं, दम लागणं, एकाच पायाला सूज येणं किंवा अचानक बोलताना जीभ जड होणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.